दोन-तीन दिवस पाणी बंद, घरात पाच माणसं... कसं निभवायचं?

तिसरा_मजला:
नोटीस लागलीये, मेन लाईनचं काम आहे म्हणून परवा सकाळपासून पाणी बंद, "दोन ते तीन दिवस" असं लिहिलंय म्हणजे आपण चार धरून चालायचं. घरात आम्ही दोघं, सासूबाई (गुडघ्यांमुळे वाकता येत नाही, बादली उचलणं तर सोडाच), एक शाळेत जाणारा आणि एक रांगणारं बाळ. आजवर काही तास पाणी गेलंय पण एवढं सलग पहिल्यांदाच. घर लहान आहे, मोठी टाकी ठेवायला जागा नाही. नवरा म्हणतोय २०० लिटरचं पिंप आणून बाल्कनीत ठेवू, मला ते पटत नाहीये पण का पटत नाहीये ते सांगताही येत नाही.

तर प्रश्न असे की किती पाणी भरून ठेवायचं, कशात, प्यायच्या पाण्याचं काय, आणि सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे संडास, कारण बाकी सगळं आटोपतं घेता येईल पण ते कसं घेणार? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा प्लीज. "टँकर मागवा" सोडून काहीही चालेल, ते विचारून झालंय.

गळका_नळ:
ताई, आधी पिंपाचं बोलू. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे २०० लिटरचं पिंप भरलं की दोनशे किलो आणि वर पिंपाचं वजन वेगळं, ते सगळं एवढ्याशा जागेवर उभं. बाल्कनी जुनी असेल तर मी तरी ठेवणार नाही. शिवाय एकदा भरलं की ते हलत नाही, तळाचं पाणी काढायला अर्धं आत वाकावं लागतं, सासूबाईंच्या कामाचं नाही. त्यापेक्षा १०-२० लिटरचे झाकणवाले कॅन आणि बादल्या, घरभर भिंतीच्या कडेला विभागून. आणि पिंप कुठून आणताय तेही बघा, रंगाचे किंवा केमिकलचे रिकामे डबे धुऊन पाणी भरतात लोक, कितीही धुवा, ते प्यायच्या पाण्याला नाही ते नाहीच.

किती भरायचं तर संकटकाळात मदत करणाऱ्या संस्था माणशी दिवसाला १५ लिटर हे किमान धरतात, पिणं स्वयंपाक अंग धुणं मिळून. पाच माणसं, चार दिवस, म्हणजे ३०० लिटर होतात. आकडा बघून घाबरू नका, कारण त्यातलं चांगलं पाणी थोडंच लागतं. प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी ४-५ लिटर धरा, म्हणजे तुम्हाला ८०-१०० लिटर स्वच्छ, झाकलेलं, हात न लागलेलं पाणी हवं. बाकीचं कसलंही चालतं आणि एकदा वापरलेलं परत वापरता येतं. लोक इथेच गंडतात, सगळं पाणी एकाच मापाने मोजतात आणि मग पहिल्या दिवशी प्यायच्या पाण्याने फरशी पुसतात.

सकाळची_घाई:
वरच्यांना +१. आमच्याकडे पाण्याचे तीन वर्ग असतात. पहिलं प्यायचं, दुसरं धुवायचं, तिसरं ओतायचं. पाणी वरून खाली उतरतं, खालून वर कधीच जात नाही. म्हणजे भाजी धुतलेलं पाणी भांड्यांच्या पहिल्या हाताला, हात-तोंड धुतलेलं आणि आंघोळीचं पाणी टबात पकडायचं (टबात बसून किंवा उभं राहून आंघोळ करा, नाहीतर सगळं मोरीत जातं) आणि ते संडासात. कपड्याच्या शेवटच्या विसळणीच्या पाण्याने फरशी. कपडे खरं तर धूच नका, मुलाचा युनिफॉर्म आणि बाळाचे दुपटे सोडून. घरी आरओ असेल तर तो एक लिटर शुद्ध पाण्यामागे बरंचसं पाणी बाहेर टाकतो, आजपासूनच ती नळी बादलीत सोडा, फरशी आणि संडासाला फुकटची भर.

पण वापरलेलं पाणी जमवून जमवून ठेवू नका हं, साबणाचं पाणी दुसऱ्या दिवशी असं वास मारतं की संडासात टाकायलाही नको वाटतं. आजचं आज संपवा.

भांडी: आधी पुसून घ्या. कागदाने, जुन्या कापडाने, कशानेही, खरकटं आणि तेलकटपणा निघाला की एका घमेल्यात घासणं आणि एका घमेल्यात विसळणं एवढ्यात सगळ्यांची भांडी होतात. ताटं कमी काढा, एका भांड्यात होईल असंच शिजवा, आणि त्या दिवसांत तळण नको, तेलाची कढई पाणी पिते.

पाईप_आणि_पाना:
प्लंबिंगचं काम करतो म्हणून संडासाचं मी सांगतो.

१) फ्लश टँकमध्ये पाणी भरत बसू नका. टँक भरून बटण दाबलं की तो त्याच्या मापाने सोडणार, तुमच्या नाही. सरळ कमोडमध्ये बादलीने ओता, पण मगाने थोडं थोडं नाही, ५-६ लिटर एकदम, जोरात, भांड्याच्या मध्यावर. पाणी वेगात गेलं तरच खालचं वळण सगळं ओढून नेतं, मगाने टाकलं तर दहा मग जातील आणि घाण तिथेच गोल फिरत बसेल. लघवीला दरवेळी ओतायची गरज नाही, झाकण बंद ठेवा, दोन-तीनदा मिळून एकदा.

२) कमी पाण्याच्या दिवसांत कागद, वेट वाईप्स, पॅड, डायपर काहीही आत टाकू नका. एरवीही टाकू नये पण आत्ता तर ढकलायला पाणीच नसतं, चोकअप झालं तर मीही काही करू शकणार नाही कारण मलाही पाणीच लागतं.

३) न वापरलेल्या बाथरूमच्या जाळीत एखादा मग पाणी अधूनमधून टाका. खाली ट्रॅपमध्ये पाणी साठलेलं असतं तेच गटाराचा वास अडवतं, ते सुकलं की वास आणि झुरळं दोन्ही वर. लोक म्हणतात पाणी नाही म्हणून घर घाण वास मारतंय, निम्म्या वेळा कारण हे असतं.

४) टाकीवाला गीझर असेल तर त्यात १५-२५ लिटर पाणी आहे, विसरू नका. पण आधी गीझरचा स्विच बंद, आणि पाणी येईपर्यंत बंदच. टाकी रिकामी असताना चालू केला तर कॉईल जळते. आता गंमत अशी की नुसता गरमचा नळ उघडून ते पाणी येत नाही, कारण गरम पाणी टाकीच्या वरच्या टोकातून बाहेर पडतं आणि खालून दाब नसेल तर ते तिथवर चढतच नाही. खालच्या गार पाण्याच्या बाजूने काढावं लागतं, तिथे वॉल्व्हला काढायची सोय असते किंवा पाईप सोडावा लागतो. गार होऊ द्या, कॉक बंद करा, मग गरमचा नळ उघडा म्हणजे वरून हवा जाईल, आणि खाली बादली धरा. हे जमत नसेल तर नादाला लागू नका.

शंकासुर:
गीझरचं पाणी प्यायला चालेल का? आमच्याकडे एक काका म्हणतात उकळलेलंच असतं की ते.

पाईप_आणि_पाना:
उकळलेलं नसतं दादा, नुसतं गरम झालेलं असतं, आणि आत वर्षानुवर्षांचा क्षार आणि गाळ. अगदीच वेळ आली तर निवळून, उकळून वगैरे, पण मी तरी ते धुण्याकडेच वळवीन.

निवळी:
प्यायच्या पाण्यावर कुणी नीट लिहिलं नाही म्हणून मी. नळाचं चांगलं पाणी आधीच भरून ठेवलं असेल, भांडं स्वच्छ आणि झाकलेलं असेल तर दोन-चार दिवसांत त्याला काही होत नाही, "शिळं पाणी" म्हणून फेकून देऊ नका!! पाणी खराब होतं ते हाताने. पेला बुडवला, बोटं बुडली, झालं. तोटीचं भांडं सगळ्यात उत्तम, नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं, आणि ते ओगराळं ओट्यावर लोळत ठेवायचं नाही.

बाहेरून मिळालेल्या, खात्री नसलेल्या पाण्याला मात्र काहीतरी करा. उकळणं सगळ्यात सोपं, खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरतं (२००० मीटरपेक्षा उंचावर राहत असाल तर तीन मिनिटं), वीस-वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही, पाणीच आटतं त्यात. गढूळ असेल तर आधी निवळू द्या, वरचं कापडातून गाळून घ्या, मग उकळा. तुरटी फिरवून गाळ खाली बसतो हे खरं पण जंतू मरतील या भरवशावर राहू नका, तुरटीनंतरही उकळायचं.

गॅस वाचवायचा असेल तर साधं ब्लीच, म्हणजे सुगंध नसलेलं, साबण नसलेलं, ५-६ टक्क्यांचं, एका लिटरला दोन थेंब, ढवळून अर्धा तास झाकून ठेवा. पाणी ढगाळ असेल तर थेंब दुप्पट. अर्ध्या तासाने हलका क्लोरीनचा वास यायला हवा. बाटलीवर प्रमाण वाचा, सगळी ब्लीच सारखी नसतात, आणि जुनी बाटली कमजोर झालेली असते. क्लोरीनच्या गोळ्या मिळाल्या तर त्याच बऱ्या, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे. आणि हे ब्लीच संडासाच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो, पाणी नाही म्हणून संडास "जरा जोरात" साफ करायला जाणारे हे करतात.

बाळाच्या दुधाच्या बाटल्यांसाठी उकळलेलं पाणी वेगळ्या झाकणाच्या भांड्यात ठेवा, त्याला घरातल्या इतरांनी हात लावायचा नाही. तिथे काटकसर नको.

गळका_नळ:
बाळावरून आठवलं आणि हे आधीच सांगायला हवं होतं. रांगणारं मूल घरात असताना उघडी भरलेली बादली ठेवायची नाही, म्हणजे नाहीच. लहान मुलं डोकं खाली करून आत पडतात आणि थोड्याशा पाण्यातही बुडतात, आवाजही होत नाही. ताटली ठेवून भागत नाही, घट्ट झाकण किंवा बादल्या बाथरूममध्ये आणि दाराला बाहेरून कडी. त्या टबातल्या पाण्यालाही हेच.

सकाळची_घाई:
बापरे हो, हे महत्त्वाचं आहे.

सासूबाईंसाठी एक: प्लास्टिकच्या बाटलीला तळाजवळ बारीक भोक पाडा, भरून झाकण घट्ट लावा, पाणी थांबतं. झाकण सैल केलं की बारीक धार येते, घट्ट केलं की बंद. बेसिनच्या कडेवर ठेवली की उभ्या उभ्या हात धुता येतात, बादली मग काही नको. पाणी एवढंसं लागतं की मुलालाही खेळ वाटतो आणि तो न सांगता हात धुतो. सॅनिटायझर ठेवा जवळ पण हात दिसायला मळके असतील तर त्याचा उपयोग नाही, आणि संडासनंतर तर साबण-पाणीच.

आंघोळ म्हणाल तर एक मोठा मग गरम पाणी आणि दोन पंचे, एक साबणाचा एक साधा. तोंड, काखा, जांघा, पाय. बाकी अंगाला चार दिवसांत काही होत नाही, केस तर अजिबात धुवायचे नाहीत.

तिसरा_मजला:
किती छान सांगितलंत सगळ्यांनी. पिंप रद्द, नवऱ्याला दोनशे किलो ऐकवल्यावर गप्प बसला 😄 कॅन आणलेत, आरओची नळी बादलीत गेली. बाटलीचा प्रयोग मुलाने लगेच केला, भोक जरा मोठं पडलंय त्याच्याकडून, ठिबकतंय.

अजून एकच. पाणी परत आलं की लगेच सगळं चालू करायचं ना? आणि उरलेलं साठवलेलं ठेवून द्यावं का पुढच्या वेळेसाठी?

पाईप_आणि_पाना:
भोक टेपने बंद करा आणि सुईने नवीन पाडा.

लगेच चालू नाही करायचं. लाईन रिकामी झाली की आतला गंज-गाळ सुटतो आणि हवाही भरते, त्यामुळे सुरुवातीला नळ थुंकतो, खोकतो आणि लालसर पाणी येतं. म्हणून आज झोपायच्या आधी फ्लश टँकचा, वॉशिंग मशीनचा आणि आरओचा कॉक बंद करून ठेवा, नाहीतर पहिली घाण तिथे जाते, मशीनच्या पाईपच्या तोंडाची बारीक जाळी आणि आरओचा पहिला फिल्टर लगेच तुंबतो. आलं की मोरीतला नळ हळूच उघडा, जाळी असेल तर काढून, पाणी स्वच्छ होईपर्यंत वाहू द्या, आणि ते बादलीत धरा, संडासाला चालतं. मग बाकीचे कॉक एक एक. गीझर सगळ्यात शेवटी, गरमच्या नळातून सलग धार यायला लागल्यावरच स्विच.

आणि कुणीही "आलं का बघू" म्हणून नळ उघडून तसाच सोडून जायचं नाही. रात्री दोनला पाणी येतं, बेसिनमध्ये फडकं पडलेलं असतं, आणि खालच्या मजल्यावरचे मला फोन करतात.

निवळी:
पाणी आल्यावरही पहिला दिवस प्यायचं पाणी उकळूनच घ्या, लाईनचं काम झालेलं असतं, बाहेरचं काय आत आलंय सांगता येत नाही.

उरलेलं ठेवू नका, वापरून टाका. साठवलेल्या पाण्यात डासाची अंडी घातली गेली तर आठवडा-दहा दिवसांत डास उडतात, आणि डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात, सुकली तरी महिनोन्‌महिने टिकतात. त्यामुळे नुसतं ओतून उपयोग नाही, कॅन आणि बादल्या आतून ब्रशने घासा, उन्हात वाळवा, झाकण लावून मग माळ्यावर.

शंकासुर:
मुलाच्या बाटलीचं झाकण घट्ट लावूनही ठिबकतंय का? मग वरूनही हवा जात असेल, दुसरं झाकण लावून बघा.