मदत हवी आहे: ५/१० चा खेळाडू १००/२०० च्या टेबलावर

नमस्कार मंडळी. इथे पोकर खेळणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारतोय. रविवारपर्यंत मित्रांना हो किंवा नाही कळवायचं आहे.

मी पुण्यात नोकरी करतो, वय ३६. तीन वर्षं ऑनलाइन ५/१० ब्लाइंडला (पानं बघण्याआधी लावायच्या छोट्या आणि मोठ्या सक्तीच्या पैजा, ५ आणि १० रुपये) खेळत होतो, बाय-इन, म्हणजे टेबलावर बसतानाची रक्कम, हजार रुपये. त्यासाठी ४० हजार वेगळे काढलेले होते, म्हणजे ४० बाय-इन. महिन्याचा हिशेब वहीत लिहायचो आणि वर्षाअखेर थोडाफार फायद्यात असायचो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा आला, पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले आणि माझंही खेळणं थांबलं.

ऑक्टोबरमध्ये ग्रुपबरोबर गोव्याला गेलो. पणजीला मांडवीतल्या एका कॅसिनो जहाजावर १००/२०० च्या टेबलावर बसलो. बाय-इन २० हजार, म्हणजे माझ्या नेहमीच्या वीसपट. रात्री दोन वाजता ६१ हजार घेऊन उठलो. परतताना गाडीत सगळे म्हणत होते, "तू उगाच इतकी वर्षं छोट्या टेबलावर बसलास." मलाही ते पटलं. आज वाटतं, त्या रात्री हरलो असतो तर बरं झालं असतं.

डिसेंबरमध्ये परत गेलो. या वेळी टेबलावर जवळजवळ प्रत्येक डावाला कुणीतरी ४०० चा स्ट्रॅडल (पानं बघण्याआधीच लावलेली, मोठ्या ब्लाइंडच्या दुप्पट पैज) टाकत होतं, म्हणजे ब्लाइंड २०० ची ४०० झाल्यासारखीच. २० हजार घेऊन बसलो ते १०० ब्लाइंड समजून, पण खरं तर माझ्यापुढे जेमतेम ५० होते. हे बसण्याआधी लक्षात यायला हवं होतं.

एक डाव सांगतो, तो डोक्यातून जात नाही. हातात नव्व्यांची जोडी. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन सामाईक पानांत, इस्पिक राजा, चौकट नव्वी, बदाम तिर्री. सेट लागला, तीन नव्व्या. टर्नला, म्हणजे चौथ्या पानाला, किल्वर दश्शी आली. पॉटमध्ये १८ हजार, माझ्यापुढे २६ हजार, आणि समोरच्याने ऑल-इन केलं, सगळे पैसे लावले. ५/१० ला मी इथे क्षणभरही थांबलो नसतो. त्याच्याकडे राणी-गुलाम असता, स्ट्रेट (ओळीने पाच पानं) लागलेली असती, तरी शेवटच्या पानावर मला वाचवणारी दहा पानं उरत होती. पण मी पानं मोजतच नव्हतो. डोक्यात एकच, २६ हजार म्हणजे लेकीच्या शाळेचा एक हप्ता. चिप्सवर ठेवलेला हात थरथरत होता, डीलरलाही दिसला असेल. पानं टाकली, डाव सोडला. त्याने हसत राजा-दश्शी दाखवली. दोन जोड्या, माझ्या तीन नव्व्यांपेक्षा हलक्या. मी केव्हाच पुढे होतो.

त्यानंतरचा दीड तास नीट आठवतही नाही. भीतीने चांगली पानं टाकली होती, मग रागाने वाईट पानं खेळलो. ते २६ हजार गेले, आणखी तीनदा बाय-इन घेतलं. सोबत ४० हजारच होते, उरलेले ४० मित्राकडून घेतले. पहाटे एकूण ८० हजार गेलेले.

आता जानेवारीत ग्रुप परत जातोय. म्हणतात, यंदा लाखभर घेऊन ये म्हणजे दडपण येणार नाही. पैसे जास्त नेले की भीती खरंच जाते का? आणि दोन वेळच्या खेळावरून मी या टेबलाच्या लायकीचा आहे की नाही, हे कळतं का?

प्रतिसाद १

दादा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही कळत. समोरासमोरच्या टेबलावर तासाला २५-३० डाव होतात, म्हणजे तुमच्या दोन रात्री मिळून ५०० च्या आसपास. नो-लिमिटमध्ये (पैजेला वरची मर्यादा नसलेल्या खेळात) शंभर डावांमागे ८०-१०० बिग ब्लाइंडचं वर-खाली नुसत्या नशिबाने होतं. ५०० डावांत ते पाचपट होत नाही, कारण काही वर-खाली एकमेकांत कटतं, पण साधारण २०० ब्लाइंड होतं, म्हणजे १००/२०० ला ४० हजार. तुमचा दोन्ही खेपांचा मिळून तोटा ३९ हजार. यातून तुम्ही चांगले की वाईट, काहीच ठरत नाही. ऑक्टोबरच्या ४१ हजारांच्या फायद्यातूनही ठरत नव्हतं.

बँकरोलचं, म्हणजे खेळासाठी वेगळ्या काढलेल्या पैशांचं म्हणाल तर २०-३० बाय-इन कमीत कमी. इथे ते ४ ते ६ लाख होतात, रोज स्ट्रॅडल असेल तर दुप्पट. आणि ते गेले तरी घरात काही अडू नये, असे पैसे हवेत. लाखभर म्हणजे फक्त पाच बाय-इन. हप्ता तोच, बाप तोच, मग भीती कशी जाईल?

अजून एक, याकडे कुणी बघत नाही. पत्त्यांतल्या जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर आहे आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. ऑक्टोबरच्या फायद्यावर कर लागतो, डिसेंबरचा तोटा मात्र तुमचा तुम्हीच सोसायचा.

प्रतिसाद २

डावाचं मला कळत नाही. मी खेळणाऱ्याची बायको आहे. पहाटे मित्राकडून ४० हजार घेतले, ते घरी सांगितलं का? आमच्याकडे ते सांगायला दोन वर्षं लागली. तेव्हा आकडा ४० हजार राहिला नव्हता. बोलायला जड जात असेल तर आधी टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, मराठीतही बोलतात.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. ताई, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री बायकोला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. तिने वही मागितली आणि ऑक्टोबरपासूनची पानं बघितली. ती कोरी होती. गोव्याचा एकही आकडा मी लिहिलेला नव्हता.

जानेवारीला येत नाही, असं ग्रुपला कळवलंय. मित्राला पहिले १० हजार पाठवले, बाकीचे मार्चपर्यंत.

आता एकच विचारायचं राहिलं. परवा एका मित्राकडे नुसत्या चिप्सवर, पैशांशिवाय खेळायला बसलो, तर तासाभरात उठून जावंसं वाटलं. पत्त्यांकडे लक्षच लागेना. पूर्वी मी डाव संपल्यावरही पानं मांडून विचार करत बसायचो. वरच्या टेबलावरून खाली आल्यावर असं कुणाचं झालंय का? ती गोडी परत येते का, आणि किती दिवसांनी?