नदीकाठी, समुद्रकाठी सापडलेली दगड झालेली हाडं-शिंपले : तुमचे अनुभव सांगा

घटप्रभाकाठ : नातवानं इंग्लंडहून फोटो पाठवलाय. डॉर्सेटच्या चारमथ किनाऱ्यावर त्याला अमोनाइट, म्हणजे नामशेष झालेल्या समुद्री जिवाचा दगड झालेला शंख, सापडला, पिळाचा कंगोरा न् कंगोरा शाबूत. वादळात कडा ढासळतो आणि ओहोटीला हे गोट्यांत पडलेले मिळतात. शेजारच्याच लाइम रेजिसला मेरी ॲनिंगनं १८२३ साली प्लेसिओसॉर या लांब मानेच्या प्राचीन समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा सांगाडा शोधला होता. मला मात्र आमचं गोकाक आठवलं. वडील नदीकाठानं फिरवताना सांगायचे, इथं गेंडे होते. खरंच होते! भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूटनं गोकाकजवळ मिळालेल्या गेंड्याच्या अवशेषांवर १८७४ मध्ये लिहिलं, जातीला नावही दिलं ऱ्हायनोसिरॉस डेक्कनेन्सिस. आपल्या मातीत एवढं असून पोरांना कुणी सांगत नाही, याचं फार वाईट वाटतं. कुणाला काय मिळालंय?

खानापूरची माई : सासूबाईंचा शाळिग्राम आहे देवघरात, गंडकीतला. एका बाजूनं फुटलाय, आत चक्र दिसतं. नातवाच्या फोटोत अगदी तसंच की ओ!

निपाणीकर : माई, तोही अमोनाइटच. जुरासिक काळात तिथं समुद्र होता. हिमालय उचलला गेला तसा त्याचा तळ वर आला.

खानापूरची माई : अगबाई. आज हात जोडताना भरूनच आलं मग.

टिळकवाडीची सून : पोळ्या लाटता लाटता लिहितेय. माहेर हर्णैचं. तिकडे शंख-शिंपले आणि वाळू घट्ट होऊन झालेला खडक असतो, करल म्हणतात. आजोबांच्या घराच्या जोत्यात तोच. लहानपणी जोत्यावर बसून बोटानं शिंपले मोजायचो. वय काही हजार वर्षं, डायनासोरच्या मानानं कालचंच, पण माझा जीव त्यातच. भाऊ आता जोत्याला गिलावा करू म्हणतोय, मी नको म्हणून बसलेय.

घटप्रभाकाठ : अजिबात करू देऊ नका!

चिक्कोडी : विहीर खणताना फटीतनं फांदी उमटलेला दगड निघाला. काळी बारीक पानं. बघायला गर्दी.

निपाणीकर : ती मँगनीजची नक्षी असणार, फटीत पाणी झिरपून होते. झाड नव्हे, पण सुंदर असते, जपा. आपला काळा पाषाण साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यात हाडं कुठली टिकायला? बघायचं तर नदीच्या जुन्या गाळात.

माळमारुती : हिडकल धरण भरलं काय?

चिक्कोडी : अजून नाही. पाऊस आहे पण.

संकेश्वर : हिरण्यकेशीच्या काठाला दरड पडलीय, तिथं दात दिसतोय. म्हशीचा म्हणावा तर लई मोठा, आणि टकटक केलं की दगडासारखा वाजतोय. अर्धा मातीत आहे. काढू काय?

निपाणीकर : नका काढू!! कुठल्या थरात आहे त्यावरच वय ठरतं. शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या, जागा लिहून ठेवा, विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागाला कळवा. वाळूवाले येण्याआधी.

संकेश्वर : बरं. पोरगं छत्री धरून उभं केलंय, फोटो काढतोय. पट्टी नाही, कंपासपेटी चालेल?

निपाणीकर : चालेल. पेटीची लांबी तेवढी मोजून लिहा.