शब्दचर्चा: थांबवलेला थ्रेड मध्येच परतवायचा, त्याला मराठीत काय म्हणावं?

पवईकर: मंडळी, मदत हवी आहे. आमच्याकडे दरवर्षी डिप्लोमा झालेली मुलं येतात, बरीचशी मराठी माध्यमातली. त्यांच्यासाठी जावा डिबगिंगवर, म्हणजे जावा भाषेतल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यावर, मराठीत टिपणं लिहितोय. मेथड (नाव दिलेला कोडचा तुकडा), ब्रेकपॉइंट (कोड जिथे थांबवायचा ती खूण), स्टॅक (एकमेकींना हाक मारत गेलेल्या मेथडची उतरंड), फ्रेम (त्या उतरंडीतला एका मेथडचा थर) हे शब्द तसेच ठेवलेत, सगळंच मराठीत आणायचा हट्ट नाही. गाडी अडलीय ती 'फोर्स अर्ली रिटर्न'पाशी. डिबगरने (चुका शोधायच्या हत्याराने) थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधला कामाचा एक धागा, सस्पेंड केलेला असताना चालू मेथडच्या उरलेल्या ओळी न चालवता, आपण सांगू ती व्हॅल्यू घेऊन बाहेर पडायला लावायचं, अशी ही सोय. २००६ च्या जावा ६ पासून आहे. मी मथळा दिला होता, 'निलंबित धाग्याचा सक्तीचा लवकर परतावा'. शेजारच्या टेबलावरच्या सहकारी म्हणाल्या, इन्कम टॅक्सचं पत्र आलंय का?

विक्रोळीकर: निलंबित आधी काढा. निलंबित पालिकेतला अभियंता होतो आणि त्याच्यामागे चौकशी लागते. थ्रेडने काय गुन्हा केलाय? 'स्थगित' म्हणाल तर हायकोर्टाची स्थगिती आठवते. नुसतं 'रिटर्न' ठेवावं, तर मुंबईत त्याचाही निराळाच अर्थ. सीट मिळावी म्हणून उलट्या दिशेच्या लोकलने जाऊन त्याच गाडीत बसून राहतात ते 'रिटर्न येणारे'.

माहीमकरीण: मला कोडिंगमधलं कळत नाही, पण नवा शब्द घडवायची गरज दिसत नाही. क्रियापदाची रूपं पुरेशी आहेत. 'थांबलेला' आणि 'थांबवलेला' यांत एका 'व'चा फरक, तो वापरा. तसंच परतणे आणि परतवणे. हल्ला परतवतात ना, तसं. (कांदा परततात ते वेगळं, तिथे 'व' लागतच नाही.)

मुलुंडकर: व्वा ताई! हा 'व' डिबगिंगमध्ये फार कामाचा आहे. लॉकची (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणाऱ्या कुलपाची) वाट बघत असतो तो थांबलेला थ्रेड. डिबगरने रोखून धरलाय तो थांबवलेला. ही सोय वापरायची तर डिबगरने थ्रेड आधी थांबवलेला असायलाच लागतो.

आमच्या सी++ मध्येही हेच. जीडीबी या डिबगरमध्ये 'फिनिश' आणि 'रिटर्न' या दोन कमांडमध्ये नवी मुलं हमखास घोळ घालतात. फिनिश दिली की फंक्शन (तुमची मेथड) उरलेल्या सगळ्या ओळी चालवतं, स्वतःहून परततं आणि मग डिबगर थांबतो. रिटर्न दिली की जीडीबी एकदा हो की नाही विचारतो आणि सरळ फ्रेम उडवतो, पुढची एकही ओळ चालत नाही. म्हणजे फिनिश हे 'परतू देणे' आणि रिटर्न हे 'परतवणे'. एलएलडीबी या दुसऱ्या डिबगरमध्ये याच कामाची कमांड 'थ्रेड रिटर्न' आहे.

पवईकर: 'परतवणे' घेतलं. त्यात सक्तीही आलीच. 'लवकर'साठी 'मुदतपूर्व' कसं वाटतं?

विक्रोळीकर: मुदतपूर्व निवडणुका होतात, मुदत ठेव मुदतीआधी मोडतात. मेथडला कुठली मुदत? 'आल्या पावली' म्हणा.

माहीमकरीण: आल्या पावली परत गेला म्हणजे काहीच न करता गेला. इथे तसंच होतं का? आणि मुळात परततं कोण, थ्रेड की मेथड?

मुलुंडकर: परतते ती मेथड. थ्रेड तिथेच असतो, परतल्यावर ज्या मेथडने हाक मारली होती तिच्यात पुढे चालू लागतो. म्हणून थ्रेड थांबवायचा आणि मेथड परतवायची, असं लिहा. आणि 'आल्या पावली' फक्त पहिल्याच ओळीवर थांबवलं असेल तर खरं. दहाव्या ओळीवरून परतवलं तर आधीच्या नऊ ओळींनी डेटाबेसच्या टेबलात जे लिहिलं ते लिहिलंच, ते काही पुसलं जात नाही. 'मध्येच' बरं.

चेंबूरकर: मी टेस्टिंगमधला. शब्द कुठलाही ठेवा, पण इशारा ठळक टाका. ही सोय चांगली कुठे, तर समजा पैसे कापणारी आणि ट्रू किंवा फॉल्स (हो किंवा नाही) एवढंच उत्तर देणारी एक बूलियन मेथड आहे. बँकेने नकार दिला तर आपला कोड काय करतो ते बघायचंय, आणि टेस्ट सर्व्हर कायम होच म्हणतो. मेथडच्या पहिल्या ओळीवर ब्रेकपॉइंट ठेवायचा, थ्रेड थांबला की वरच्या फ्रेमवर राइट क्लिक, फोर्स रिटर्न, व्हॅल्यू फॉल्स. सर्व्हरपर्यंत काही जातच नाही आणि नकाराचा सगळा रस्ता समोर उलगडतो.

हेच मेथडच्या पोटातून केलं की वाट लागते. फायनली ब्लॉक, म्हणजे एरवी मेथडमधून बाहेर पडताना चालणारा आवराआवरीचा कोड, चालत नाही. त्यात फाइल बंद करणं असेल, डेटाबेसचं कनेक्शन पूलला (सामायिक साठ्याला) परत देणं असेल, ते सगळं राहिलं. जावाच्या सिंक्रोनाइज्ड या शब्दाने घेतलेलं लॉक व्हर्च्युअल मशीन (जावा चालवणारा प्रोग्रॅम) सोडवतं, पण रीएंट्रंटलॉक या प्रकारचं लॉक आपण स्वतः अनलॉक करायचं असतं, ते तसंच अडकून राहतं. मग दुसरा थ्रेड त्याच्या दारात बसून राहतो आणि पोरगं नाचत येतं, सर, डेडलॉक सापडला! (थ्रेड एकमेकांची वाट बघत अडकतात तो डेडलॉक.)

विक्रोळीकर: म्हणजे भरल्या ताटावरून उठवायचं आणि वर हातही धुऊ द्यायचे नाहीत.

चेंबूरकर: अगदी. इंटेलिजे हा कोड लिहायचा एडिटर निदान विचारतो, फायनली चालवून घेऊ का म्हणून. त्याला 'नाही' म्हणायची घाई करू नका.

मुलुंडकर: टिपणात आणखी घाला: व्हॅल्यू मेथडच्या टाइपला जुळायला हवी, इन्टच्या (पूर्णांकाच्या) जागी स्ट्रिंग (मजकूर) चालत नाही. नेटिव्ह मेथड (जावाऐवजी सी वगैरेत लिहिलेली) अशी परतवता येत नाही. आणि स्टॅकवर एकच फ्रेम असेल तर पुढे चालू करताच थ्रेडच संपतो. तिथे 'परतवणे' लिहू नका, परतायला कोणी उरलेलंच नसतं.

पवईकर: मथळा ठरला: 'थांबवलेल्या थ्रेडमधली मेथड मध्येच परतवणे'. मुलं तोंडाने 'फोर्स रिटर्न मार' म्हणणार ते म्हणोत. याच्या शेजारी 'ड्रॉप फ्रेम' आहे, तिथेही परतवणेच चालेल का?

मुलुंडकर: नको. तिथे व्हॅल्यू द्यायची नसते. मेथडला जिथून हाक मारली त्या जागी थ्रेडला मागे नेतात आणि पुढे चालू केलं की तीच हाक पुन्हा जाते. 'फ्रेम काढणे' लिहा, पुरे.