उन्हातले संगीत महोत्सव आणि तुमचा गॉगल: अनुभव सांगा

निशिगंधा
लेकीच्या काचा बदलायला चष्म्याच्या दुकानात गेले होते. शेजारी कॉलेजातली एक मुलगी गॉगल बघत होती. "कॉन्सर्ट आहे, दुपारपासून मैदानात उभं राहायचंय," म्हणाली. दुकानातल्या पोराने सगळ्यात काळाकुट्ट गॉगल काढून तिच्या हातात ठेवला. यूव्हीचं, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचं, नावसुद्धा दोघांनी काढलं नाही. मला राहवलं नाही, मी तिला थांबवून सांगितलं, आणि घरी येईपर्यंत महालक्ष्मी रेसकोर्सच डोक्यात होतं.

तिथे भरणारा मुंबईतला संगीत महोत्सव, लोलापालूझा. तो २०२३ आणि २०२४ला जानेवारीत झाला होता, २०२५ला ८-९ मार्चला आला. मार्चमधली मुंबईची दुपार, मोकळं मैदान, सावली नावाला. माझ्या बहिणीने स्टेशनबाहेरून घेतलेला काळाभोर गॉगल लावला होता. संध्याकाळपर्यंत तिचे डोळे लालबुंद, पाणी थांबेना, आणि तिच्या आवडत्या बँडच्या वेळी ती डोळे मिटून बसलेली. फार वाईट वाटलं. काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते. काच यूव्ही अडवत नसेल तर त्या मोठ्या बाहुलीतून सगळं आत जातं. काच फिकी असली तरी चालेल, पण यूव्ही ४०० हवंच, म्हणजे अतिनील किरण अडवणारी काच.

तुम्ही कुठे कुठे गेलात, डोळ्यांवर काय होतं, काय टिकलं? सविस्तर लिहा.

ढोलवाली
लोलापालूझा नाही, पण आमचा महोत्सव म्हणजे पाडव्याची शोभायात्रा, डोंबिवलीचा फडके रोड! नऊवारी, फेटा, नथ, गॉगल आणि कमरेला ढोल. २०२४ला पाडवा ९ एप्रिलला होता, काय तापलं होतं विचारू नका. पथकातल्या मुलींना माझं सांगणं एकच: गॉगल घेताना दुकानात उड्या मारून बघा. टोल पडला की अख्खं अंग हलतं, त्यात घाम, की गॉगल नाकावरून निघालाच. काड्यांना आतून रबर हवं आणि मागे दोरी. आणि मोठ्या गोल फ्रेमच्या खालच्या कडेला नथ अडकते. नथ घालूनच फ्रेम निवडा!!

मनमौजी
ढोलवाली, दोरी फेट्याच्या आतून की बाहेरून?

ढोलवाली
आतून. आधी गॉगल, मग फेटा. उलटं केलंत तर फेटा बांधणारे दादा परत बांधून देत नाहीत, लाईन असते मागे.

पाऊसवेडा
ग्लास्टनबरी. इंग्लंडच्या सॉमरसेटमधलं पिल्टन गाव, वर्दी फार्म, खरीखुरी गाईंची शेती. २०१६ला चिखल इतका की बूट ओढून काढावे लागत, २०१९ला शनिवारी पारा तिशीला. म्हणजे तयारी दोन्हीची. तिकडे जूनअखेरीला सूर्य साडेनऊच्या आसपास मावळतो, त्यामुळे संध्याकाळी सात-आठचं तिरकं ऊन बाजूने डोळ्यात घुसतं. छोट्या फॅशनच्या काचा तिथे उपयोगाच्या नाहीत. कडा गालापर्यंत वळणारी फ्रेम आणि पुढे झाप असलेली टोपी, दोन्ही लागतं. ढगाळ असलं तरी गॉगल काढायचा नाही, पातळ ढगातून यूव्ही येतंच.

बाकी तिथे रांगेत मागून "अहो, सरका की" ऐकू आलं तेव्हा जो आनंद झाला तो लिहून सांगता येत नाही. नाशिकचं जोडपं. त्यांच्याकडे चिवडा होता.

चष्मिष्ट
नंबरवाल्यांचं कोणी बोलत नाहीये. नंबरचा गॉगल केला तर सूर्य मावळल्यावर काय करायचं? मुख्य बँड तर रात्रीच असतात. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचा सोयीच्या, अंधार पडला की काही मिनिटांत पांढऱ्या होतात. पण कडक उकाड्यात त्या पुरत्या काळ्या होत नाहीत, हे दुकानदार सांगत नाही. मला नेहमीच्या चष्म्यावर लोहचुंबकाने बसणारी जोडकाच सगळ्यात आवडली. संध्याकाळी काढून खिशात.

आक्कासाहेब
चष्मिष्ट +१. नणंदेच्या मोतीबिंदूनंतर दिलेला तो मोठा काळा गॉगल आठवला. चष्म्यावरूनही बसतो, बाजूने झाकतो. जुन्नरच्या जत्रेला घालून गेल्या होत्या, सगळे म्हणाले वहिनी हिरॉईन दिसताय. अजून लाजतात.

वाळूतली वाट
कोचेला, इंडिओ. एप्रिलमधलं कॅलिफोर्नियाचं वाळवंट, पोलो क्लबचं मैदान. ऊन परवडलं पण धूळ नको. संध्याकाळी वारा सुटला की समोरचं स्टेज पिवळट दिसतं. कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनो, चष्माच न्या. मैत्रिणीच्या लेन्सखाली कण गेला आणि तिची पूर्ण संध्याकाळ प्रथमोपचाराच्या तंबूत गेली, बिचारी. नाकावर रुमाल बांधलात तर श्वास वर जाऊन काचेवर वाफ धरते. रुमालाची वरची कड गॉगलच्या नाकपट्टीखाली दाबून बसवा, मग नाही धरत. आणि धुळीची काच टीशर्टने पुसू नका, ओरखडे पडतात. आधी पाणी, मग कापड.

तानपुरा
कॅलिफोर्निया वाचून भरून आलं. पंडित रविशंकर तिथल्याच मॉन्टेरीच्या संगीत महोत्सवात १८ जून १९६७ रोजी रविवारी दुपारी बसले होते, तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ. तासन् तास वाजवलं आणि त्या तरुण पोरांनी जीव लावून ऐकलं. दोन वर्षांनी ऑगस्ट १९६९मध्ये हेच दोघे अमेरिकेतल्याच वुडस्टॉक महोत्सवात पावसात वाजवत होते. सतारीला पाऊस म्हणजे काय हे वाजवणाऱ्यालाच ठाऊक. गॉगलबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं नाही, पण उघड्यावरच्या संगीताचा विषय निघाला आणि हे लिहिल्याशिवाय राहवेना.

निशिगंधा
तानपुराकाका, लिहाच हो. यावर वेगळा धागा काढा, मी पहिली येईन.

काचवाला
धंदा हाच आहे म्हणून थोडं सांगतो. गॉगलवर ० ते ४ अशी श्रेणी असते, काडीच्या आत बारीक लिहिलेली. ती फक्त काळेपणाची. श्रेणी ३ म्हणजे ८ ते १८ टक्के उजेड आत, आपल्या उन्हाला हीच घ्या. ४ फारच काळी, ती लावून गाडी चालवायची नसते. यूव्ही ४०० वेगळं बघा. विश्वास नसेल तर दुकानात यूव्ही मोजायचं यंत्र असतं, तपासून मागा, आम्हाला राग येत नाही. पॉलिकार्बोनेटची काच घ्या, गर्दीत कोपर लागलं तरी सहजी फुटत नाही. बिननंबरी काच हातभर लांब धरून दाराच्या चौकटीकडे बघा आणि हळू हलवा. चौकट लाटेसारखी वाकली तर काच वाईट, दोन तासांत डोकं धरेल.

कांदेपोहे
पोलराइज्ड घेऊ का मग? महाग आहे.

काचवाला
पाणी, वाळू, ओला रस्ता यावरची चकाकी मारायला उत्तम. मैदानातल्या कॉन्सर्टला अत्यावश्यक नाही. शिवाय त्यातून काही फोनचे पडदे आडवे-उभे फिरवल्यावर काळे दिसतात.

वाळूतली वाट
हो!! फोटो काढताना काही दिसत नव्हतं, वाटलं फोन गेला.

चिमणीची आई
चार वर्षांच्या लेकीला नेणारे आहोत, तिच्या कानांवर ते मोठे आवाज अडवणारे मफ असतात. गॉगलच्या जाड काड्यांमुळे मफ नीट बसत नाही, फट राहते आणि आवाज आत येतो. पातळ चपट्या काड्यांचा किंवा इलास्टिकच्या पट्ट्याचा घ्या, आणि पट्टा मफच्या वरून. पोरांच्या डोळ्यांत मोठ्यांपेक्षा जास्त यूव्ही आतपर्यंत जातं, त्यामुळे खेळण्यातला गॉगल अजिबात नको.

ढोलवाली
चिमणीची आई, आमच्या पथकातल्या छोट्यांसाठी पण मफ घ्यायचेत, माप कसं बघायचं?

चिमणीची आई
पेटीवर वय लिहिलेलं असतं. घरी अर्धा तास घालून बसवा, कुरकुर केली नाही तर तेच. आणि पट्टी वाढवता येणारी बघा, पुढच्या पाडव्यालाही चालतील.

मनमौजी
पाऊसवेडा, त्या नाशिकवाल्यांच्या चिवड्यात खोबरं होतं का?

पाऊसवेडा
होतं. आणि लसूणही.