चॉपिंग बोर्ड कुठला घ्यावा आणि पावसाळ्यात सांभाळावा कसा?

हिरवी_मिरची

नमस्कार मंडळी,
घरात भाजी चिरायला बांबूचा बोर्ड आहे, त्याच्या पट्ट्या आता जोडातून सुटायला लागल्यात, कडा काळ्या पडल्यात आणि ओला झाला की कुबट वास मारतो. नवीन घ्यायचाय. ऑनलाइन बघायला गेलं की शिसम, सागवान, अकेशिया, बांबू, प्लास्टिक, काच, स्टील सगळंच दिसतं आणि किमती दोनशेपासून पार चार हजारांपर्यंत, काही कळेनासं होतं.

आम्ही डोंबिवलीत राहतो, ओटा लहान, खिडकीत ऊन येतं ते सकाळी थोडा वेळ. मासे आठवड्यातून दोनतीनदा, रविवारी चिकन. सासूबाई विळीवरच चिरतात आणि झकास चिरतात, पण मला गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही आणि नवऱ्याला सुरीचीच सवय आहे, त्यामुळे बोर्ड लागणारच. लाकडी बोर्डावर मासे-चिकन कापलेलं चालतं का? आणि लाकडाला तेल लावायचं म्हणतात ते कुठलं, खोबरेल चालेल?

रंधा

आमचं घरचं सुतारकाम आहे म्हणून लाकडाबद्दल सांगतो.

बांबू हे मुळात गवत. त्याच्या बारीक पट्ट्या गोंदाने चिकटवून फळी करतात, म्हणजे बोर्डभर जोडच जोड आणि पाणी सतत लागत राहिलं की सुटतात ते जोडच. शिवाय बांबू कडक, त्यात सिलिका असते, सुरीची धार लवकर जाते. स्वस्त आणि हलका आहे हे खरं, पण रोज दोन वेळचा स्वयंपाक होणाऱ्या घरात मी तरी सुचवणार नाही. काच, ग्रॅनाइट आणि स्टील तर नकोच, कांदा चिरताना होणारा तो कर्रर्र आवाज म्हणजे सुरीची धार मरतेय असं समजा.

शिसम किंवा सागवान घ्या. सागात अंगचं तेल असतं त्यामुळे आपल्याकडच्या दमट हवेत तो टिकतो, सिलिका त्यातही असते पण घरच्या सुरीला त्याचा फारसा त्रास नाही, अधूनमधून धार लावली की झालं. शिसम घट्ट आणि जड, रंग गडद असल्याने डाग फारसे दिसत नाहीत. आंब्याच्या लाकडाचे बोर्ड दिसायला छान असतात पण त्याला किडा लवकर लागतो.

घेताना बोर्ड हातात घेऊन उलटा करा. वरून गुळगुळीत आणि खालून खडबडीत असेल तर राहू द्या. जोडावरून नख फिरवा, अडकता कामा नये. काचेसारखी चकाकी असेल तर वर पॉलिश किंवा लॅकरचा थर आहे, सुरी चालायला लागली की तो टवके होऊन भाजीत येणार. जाडी निदान एक इंच हवी, पातळ फळी हमखास वाकते. पंधरा बाय दहा इंच चौघांच्या घराला पुरतो, पण आधी तुमच्या सिंकमध्ये मावतो का ते मोजून घ्या, कारण सिंकमध्ये न मावणारा बोर्ड नीट धुतला जात नाही.

महागातल्या बोर्डांवर चौकोनी ठोकळ्यांची नक्षी दिसते, त्यात लाकडाचे धागे उभे असतात. खाटकाकडचा चिंचेचा ओंडका बघा, खोडाचा आडवा काप असतो तो, तीच पद्धत. सुरी धाग्यांच्या मधे शिरते आणि धागे परत मिटतात, धारही टिकते. पण तो बोर्ड जड, तेल भरपूर पितो, आणि लहान ओट्यावर त्याची गरज नाही.

वेंगुर्लेकरीण

माशांना वेगळा बोर्ड, यात तडजोड नाही. आमच्याकडे मोठी मच्छी बाजारातच कापून घेतो, घरी उरतं ते कोळंबी सोलणं, बांगडे-पेडवे साफ करणं, सुरमईचे तुकडे सारखे करणं. त्याला पांढरा जाड प्लास्टिकचा बोर्ड ठेवलाय. लाकडाला मच्छीचा वास एकदा लागला की दुसऱ्या दिवशी त्यावर चिरलेली काकडीसुद्धा बांगड्यासारखी लागते. धुताना आधी गार पाणी, मग साबण, मग गरम पाणी, सुरुवातीलाच गरम ओतलंत तर रक्त आणि चिकटा शिजून बसतो. मग अर्ध्या लिंबावर जाडं मीठ घेऊन घासायचं.
आणि बोर्डाखाली ओला फडका घाला गं, सरकत नाही. बोटं वाचतात.

पेट्रीडिश

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. लाकूड म्हणजे जंतू आणि प्लास्टिक म्हणजे स्वच्छ असं जे मानलं जातं ते तसं नाही. अमेरिकेत डीन क्लायव्हर यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात असताना यावर काम केलं, १९९४ साली पेपर आले. त्यांना दिसलं ते असं की जंतू लाकडाच्या आत ओढले जातात, तिथे ते वाढत नाहीत आणि हळूहळू मरतात. प्लास्टिक नवीन असताना हाताने धुऊन साफ होतं, पण सुरीचे चरे पडलेलं प्लास्टिक साफ करणं फार अवघड, चऱ्यांमध्ये जंतू टिकून राहतात.

याचा अर्थ लाकडावर चिकन कापून नुसतं पुसून ठेवायचं असा नाही. कच्च्या मांसाचा बोर्ड आणि कोशिंबिरीचा बोर्ड वेगळाच हवा, कारण कोशिंबीर शिजत नाही, जो जंतू तिच्यावर आला तो थेट पोटात. हॉटेलांमध्ये रंग ठरवून देतात ते याचसाठी, भाजीला हिरवा, कच्च्या मांसाला लाल, माशांना निळा. घरी दोन रंग पुरेत. मासे-चिकनच्या प्लास्टिक बोर्डाला चार लिटर पाण्यात एक टेबलस्पून बिनवासाचं ब्लीच घालून ते पाणी काही मिनिटं लावून ठेवा, नंतर धुवा आणि कोरडा करा. त्यावर बोट फिरवल्यावर चरे खरखरीत लागायला लागले की टाकून द्या, तेवढ्यासाठी प्लास्टिकवर जास्त पैसे घालू नयेत. चरे पडतात म्हणजे प्लास्टिकचे कण सुटतात आणि ते जेवणातच जातात, म्हणून रोजच्या भाजीला मीही लाकूडच वापरते.

जवस

तेलाचं सांगते. खोबरेल, शेंगदाणा, सूर्यफूल यातलं काही नको. ही तेलं लाकडात सुकत नाहीत, काही दिवसांनी खवट होतात आणि बोर्ड चिकट लागतो. केमिस्टकडे लिक्विड पॅराफिन आयपी मागा, बद्धकोष्ठावर देतात तेच, वास नाही, चव नाही, खवट होत नाही. परदेशात बोर्डाचं मिनरल ऑइल म्हणून विकतात तेही मुळात हेच.

बोर्ड धुऊन पूर्ण एक दिवस वाळू द्या. मग सुती कापडाने दोन्ही बाजूंना, आणि विसरू नका, चारही कडांना तेल चोळा, कारण धाग्यांची तोंडं कडेला उघडी असतात आणि पाणी सगळ्यात जास्त तिथूनच आत जातं. रात्रभर ठेवून सकाळी उरलेलं पुसा. नव्या बोर्डाला असं तीनचारदा, नंतर महिन्यातून एकदा. पाण्याचा थेंब टाकून बघा, मोत्यासारखा उभा राहिला तर ठीक, पसरून मुरला तर तेलाची वेळ झाली.

जवसाचं तेल चालतं कारण ते हवेत सुकून घट्ट होतं, बॅटला लावतात ना तेच. पण खायच्या प्रतीचं कच्चंच घ्या. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड अजिबात नको, त्यात लवकर सुकावं म्हणून धातूंची रसायनं घातलेली असतात.

रंधा

@जवस, कडांचं अगदी बरोबर. एकच भर घालतो, धुताना दोन्ही बाजू ओल्या करा. लोक वरची बाजू धुतात आणि खालची कोरडी ठेवतात, मग वरचं लाकूड फुगतं, खालचं नाही, आणि फळी वाकते. भिजत घालू नका, डिशवॉशरमध्ये तर नकोच. पुसून उभा ठेवा, भिंतीला पाठ टेकवून नाही, दोन्ही बाजूंना हवा लागली पाहिजे. ताटांच्या रॅकमध्ये एक फट मोकळी ठेवलीत तरी भागतं. जुलै-ऑगस्टमध्ये रात्री अर्धा तास पंख्याखाली ठेवा. पावसाळ्यात बोर्ड खराब होतो तो पाणी लागल्याने कमी, न वाळल्याने जास्त.

हिरवी_मिरची

सगळ्यांचे मनापासून आभार, किती नीट सांगितलंत! शिसमचा एक इंची भाजीला आणि पांढरा प्लास्टिकचा मासे-चिकनला, ठरलं. पॅराफिन आजच आणते. एक राहिलंच, ओली हळद आणि बीट चिरल्यावर डाग पडतात त्याचं काय करायचं? लोणचं घालायचंय.

वेंगुर्लेकरीण

हळदीला ऊनच औषध. बोर्ड धुऊन सकाळच्या उन्हात ठेव, पिवळा डाग आपोआप फिका पडतो, कडक उन्हात दिवसभर मात्र लाकडी बोर्ड ठेवू नकोस, तडकेल. बीट चिरायच्या आधी बोर्ड ओल्या फडक्याने पुसून घे, रंग आत कमी जातो. आणि ओली हळद सासूबाईंना विळीवर चिरू दे, लोणच्याला त्या चकत्या छान पातळ पडतात.