अनुभव धागा : परमुलखात गेलेल्या पूर्वजांचा माग

ठाणे आणि नवी मुंबईतील बहुतेक घरे कोठून तरी उठून आलेली आहेत. कोकणातून, देशावरून, खानदेशातून दोन-तीन पिढ्यांपूर्वी माणसे इकडे आली, आणि त्याच घरांतला एखादा भाऊ त्याआधी किंवा त्यानंतर समुद्र ओलांडून मॉरिशसच्या ऊसमळ्यात, केप टाउनच्या दुकानात, रंगूनच्या कचेरीत किंवा इस्रायलच्या नव्या वस्तीत गेला. मागे राहिलेल्यांकडे त्याच्याविषयी बहुधा एकच वाक्य उरते: तो बोटीने गेला आणि पुन्हा आला नाही. या वाक्याच्या पुढे ज्यांना जाता आले, त्यांनी आपला अनुभव येथे लिहावा, अशी विनंती आहे.

केवळ वंशावळ मांडू नये. कोणत्या कागदाने किंवा कोणत्या माणसाने कोणती गोष्ट सांगितली ते नेमके लिहावे, कारण दुसऱ्याला उपयोग त्याचाच होतो. हयात व्यक्तींची नावे कृपया टाळावीत. सध्याचा काळ या कामाला अनुकूल आहे, असे मला वाटते. २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूचे जुने कोतवाल बुक, हा प्रकार अनेक घरांना प्रथमच माहीत झाला. शाळेचे जनरल रजिस्टर, फेरफार, मोडीतील दस्त हे सगळे आता कोणीतरी उघडून पाहत आहे.

माझे स्वतःचे मत असे की शोध गावापासून सुरू करावा, आडनावापासून नव्हे. आडनाव हे पुष्कळ घरांत उशिरा आलेले आणि परदेशात सर्वांत आधी बदललेले असते.

नेरूळ येथून

आमच्या खापरपणजोबांचे थोरले बंधू मॉरिशसला गेले, एवढे घरात माहीत होते. काही वर्षांपूर्वी व्हाक्वा येथील एका बाईंचे पत्र आमच्या गावच्या ग्रामपंचायतीमार्फत फिरत फिरत माझ्यापर्यंत आले. त्यांच्याकडे मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या अभिलेखागारातून काढलेला उतारा होता. मॉरिशसमध्ये १८३४ पासून गिरमिटावर, म्हणजे करारावर, मजूर नेले जाऊ लागले आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसे भारतातून तेथे उतरली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे लोक होते. उतरणाऱ्या प्रत्येकाची नोंद पोर्ट लुईच्या डेपोत झाली. १८४९ मध्ये उभारलेला हा डेपो आज आप्रवासी घाट म्हणून ओळखला जातो आणि २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

त्या उताऱ्यात आडनाव नव्हते. क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरील खुणा, जिल्हा, गाव आणि बोटीचे नाव एवढे होते. छायाचित्रे १८६० च्या दशकापासूनची मिळतात. आमचे हे आजोबा त्याआधी उतरलेले असल्याने त्यांचा चेहरा आम्हाला पाहायला मिळाला नाही. खुणांच्या रकान्यात मात्र ‘उजव्या गालावर देवीचे व्रण’ असे होते, आणि ते वाचल्यावर माझ्या वडिलांना बोलता येईना. पुढच्या पिढीत तिकडे त्यांच्याच नावाचे आडनाव झाले, त्यामुळे पत्र लिहिणाऱ्या बाईंचे आडनाव आणि आमचे आडनाव यांचा एकमेकांशी काहीही संबंध दिसत नव्हता.

गावाचे नाव कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले होते. त्या उच्चाराला जवळची गावे लांजा, राजापूर आणि देवगड या तिन्ही तालुक्यांत सापडली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: जुन्या कागदावरचा रत्नागिरी जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता, सिंधुदुर्ग त्यातून १९८१ मध्ये वेगळा झाला, म्हणून शोध केवळ आजच्या रत्नागिरीत करून थांबू नये. निर्णय अखेर कागदाने नव्हे, देवळाने केला. बाईंच्या आजीने लहानपणी त्यांना सांगितले होते की शिमग्याच्या होळीची पोफळ आपल्या आगरातून जात असे. हे मी तिन्ही गावांत विचारले. दोन ठिकाणी होळीला आंबा उभा करतात. तिसऱ्या गावात पोफळ असते, ती आजही ज्या आगरातून तोडून आणतात ते आगर आमच्या भावकीचे आहे, आणि गावच्या गुरवांनी तो मान पूर्वापार याच घराचा असल्याचे कोणी न विचारता सांगितले. बापाचे नाव आमच्या घरच्या टिपणाशी जुळत होतेच.

बाई पुढच्या गणपतीत आल्या. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते आणि तिकडची मराठी मंडळी ज्याला झाकरी म्हणतात तो नाच आमच्या कोकणातल्या जाखडीचाच आहे. रात्री अंगणात फेर धरला तेव्हा त्यांना पावले कोणी शिकवावी लागली नाहीत.

ठाणे, टेंभी नाका परिसरातून

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातील मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातील आहे. आमच्या बाबतीत आडनाव गाव सांगते, म्हणून वरील मताला थोडी पुरवणी जोडते. पेणकर, रोहेकर, केहिमकर, वाक्रुळकर अशी आमची आडनावे पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील गावांवरून पडलेली आहेत, आणि समाज मुळात तेल गाळण्याचा धंदा करी व शनिवारी घाणा बंद ठेवी म्हणून लोक आम्हाला शनिवार तेली म्हणत. मात्र आडनावाने गाव कळते, माणूस कळत नाही, कारण जुन्या पिढीतील नावे बानाजी, हसाजी, इसाजी, मुसाजी अशी आहेत. बानाजी म्हणजे बेंजामिन, हसाजी म्हणजे यहेज्केल हे माहीत नसेल तर तोच माणूस दोन कागदांत दोन माणसे होऊन बसतो.

माझ्या दोन्ही आत्या इस्रायलला गेल्या. १९४८ नंतर आमच्यातील पुष्कळ कुटुंबे गेली आणि दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद येथे स्थिरावली. आता तेथील तिसऱ्या पिढीतील एक मुलगी घराण्याचा इतिहास लिहीत आहे आणि तिच्या प्रश्नांची उत्तरे मी ठाण्यातून शोधते आहे.

आमच्याजवळचा सर्वांत मोलाचा कागद एका दुःखातून निर्माण झाला आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी तिकडच्या धर्माधिकाऱ्यांनी बेने इस्राएल लोकांच्या विवाहांना आक्षेप घेतला आणि वधूवरांच्या आई, आजी, पणजी अशी चौकशी करण्याचा दंडक आला. समाजाने त्याविरुद्ध मोठे आंदोलन केले आणि १९६४ मध्ये इस्रायली सरकारने आमचा समान दर्जा स्पष्टपणे मान्य केला. त्या मधल्या काळात धाकट्या आत्याचे लग्न ठरले होते. तिने ठाण्याला माझ्या आजीला पत्र लिहून आईकडची पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती मागवली. आजीने एका कागदाच्या दोन्ही बाजूंना, समासातही आडवे लिहून, आपल्या आईची, तिच्या आईची आणि तिच्याही आईची नावे, माहेरची गावे, कोणाचे लग्न कोणत्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात, झाले, कोण कोणत्या साथीत गेले, हे सारे कळवले. बायकांच्या बाजूची एवढी माहिती कोणत्याही सरकारी दप्तरात मिळणार नाही. आपल्या मुलीला कमी लेखले गेले याचा संताप त्या अक्षरांत दिसतो, आणि तरीही एकही नाव गाळलेले नाही. ते पत्र आत्याने जपून ठेवले आणि आता त्याचे छायाचित्र माझ्याकडे परत आले आहे.

त्या पत्रावरून मी अलिबागजवळच्या नवगावपासून दफनभूमी पाहत गेले. आमचे पूर्वज गलबत फुटून जेथे किनाऱ्याला लागले असे समाज मानतो, ते हे गाव. शिळांवर हिब्रू आणि मराठी अशी दोन्ही अक्षरे असतात. झिजलेली अक्षरे भर दुपारी वाचता येत नाहीत. सकाळी ऊन तिरपे असताना शिळेवर थोडे पाणी ओतले की ओळी उठून दिसतात. खडू किंवा चुना चोळू नये, त्याने दगड खराब होतो. हिब्रू सनातून ३७६० वजा केले की इसवी सन येतो, मात्र वर्ष तिश्री महिन्यात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, बदलत असल्याने त्या वेळेपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांसाठी ३७६१ वजा करावे लागतात. मराठी ओळीत शके असेल तर ७८ मिळवावेत, जानेवारीपासून चैत्रापर्यंतच्या तारखांसाठी ७९. ठाण्याचे शाआर हशामाईम सिनेगॉग १८७९ चे आहे, त्यामुळे त्याआधीचे विवाह शोधणाऱ्यांनी थेट गावांकडे किंवा मुंबईतील १७९६ च्या जुन्या सिनेगॉगकडे वळावे.

आजीने लिहिलेल्या शेवटच्या नावाची शिळा मला अजून सापडलेली नाही. तिच्या माहेरच्या गावात आता आमचे एकही घर नाही, पण शेजारच्या मराठा घरातील वृद्ध काकींनी आमच्या एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने होणाऱ्या मलिद्याचे, म्हणजे गोड पोह्यांच्या प्रसादाचे, ताट आपल्या सासूच्या वेळी कोणत्या ओसरीवरून येई ती जागा मला दाखवली.

मुंब्रा, कौसा येथून

आम्ही खेड तालुक्यातील कोकणी मुसलमान. आजोबांचे चुलते केप टाउनला दुकान चालवत असत. तेथील १९०६ च्या कायद्यानंतर हिंदी माणसाला मायदेशी येऊन पुन्हा परत जायचे असेल तर आधी परवाना काढावा लागे, आणि मुदतीत परतले नाही तर तो हक्क जात असे. या जाचक व्यवस्थेने आमच्यासाठी एक गोष्ट मागे ठेवली: परवान्याच्या फायली केप टाउनच्या अभिलेखागारात आहेत आणि त्यांत छायाचित्र व हाताचा ठसा आहे. तिकडच्या भावाने प्रत पाठवली तेव्हा आजोबांच्या चुलत्यांचा उघडा पंजा माझ्यासमोर कागदावर होता. ज्यांच्या घरात कोणी केपला होते त्यांनी गावाचे नाव देऊन तिकडच्या कोकणी जमातीकडे जरूर विचारणा करावी, कारण तेथे लोक अजून एकमेकांना गावानेच ओळखतात.

कोपरी, ठाणे पूर्व येथून

माझे पणजोबा रंगूनला रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. २३ डिसेंबर १९४१ रोजी शहरावर बॉम्ब पडले आणि त्यानंतर लाखो हिंदी लोक पायी निघाले. पणजी आणि मुले सीमेवरच्या तामूवरून इंफाळला पोहोचली, पणजोबा वाटेत गेले. स्थळ आणि तिथी कोणत्याही कागदात नाही, आणि माझ्या मते तो कागद कधी झालाच नाही. आमच्या घरी त्यांचे श्राद्ध सर्वपित्रीला होते.

वाशी येथून

आमची एक शाखा नैरोबीला आहे. त्यांच्याशी आमचा दुवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत मिळाला. या वह्या गाव आणि कुळ यांच्या क्रमाने ठेवलेल्या असतात. यात्रेला किंवा श्राद्धाला आलेला माणूस आपल्या बापाचे, भावांचे, मुलांचे नाव सांगतो किंवा स्वतः लिहितो. आमच्या पानावर पणजोबांची मोडीतील ओळ होती आणि तिच्याखाली, बऱ्याच वर्षांच्या अंतराने, नैरोबीहून अस्थी घेऊन आलेल्या त्यांच्या पुतण्याची इंग्रजी सही होती. उपाध्यायांकडे जाताना मूळ गाव पक्के माहीत असावे लागते, नाहीतर ते तरी कोणती वही काढणार? मोडी ओळ मी एका मोडी जाणणाऱ्या शिक्षकांकडून वाचून घेतली. घाईने अंदाजाने वाचू नये, मोडीत नावे सहज चुकीची लागतात.

करावे गाव, नवी मुंबई येथून

येथील जुन्या आगरी-कोळी गावांविषयी लिहितो. १९७० पासून सिडकोने ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन घेऊन शहर वसवले. परदेशातील वंशजांच्या कागदावर जी शेताची, बंदराची, मिठागराची नावे असतात ती आज नकाशावर सेक्टरच्या आकड्यांखाली गेली आहेत. परंतु जमीन गेलेल्यांना परत द्यायच्या साडेबारा टक्के योजनेच्या भूखंडांसाठी घरोघर वारसांच्या नोंदी कराव्या लागल्या, आणि कित्येक घरांची पणजोबांपर्यंतची वंशावळ त्या निमित्ताने प्रथमच कागदावर आली. त्यात बोटीवर खलाशी म्हणून जाऊन तिकडेच राहिलेल्या भावांची नावेही ‘ठावठिकाणा नाही’ अशा शेऱ्यासह सापडतात. आमच्या घराच्या नोंदीत असे एक नाव आहे, आणि त्यांची सीडीसी, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या नोंदींची, पुस्तिका कोणाच्या पेटीत असेल या आशेने मी लिहीत आहे.

ज्यांना आपल्या कागदावरचे गाव किंवा शेत ओळखता येत नाही, त्यांनी रविवारी सकाळी गावदेवीच्या देवळापाशी यावे. दोन-तीन जुनी माणसे तेथे बसलेली असतात, त्यांना बांधन् बांध पाठ आहे. मूळ कागद आणू नये, प्रत आणावी.