पहिल्यांदाच रक्तदान, त्यात श्रावणी सोमवार, काय करू?

मोगरा_१९:
नमस्कार मंडळी. येत्या सोमवारी आमच्या कॉलेजात एनएसएसचं रक्तदान शिबिर आहे. वय १९, वजन ४८, मी नाव देऊन बसलेय पण घरी सांगितल्यापासून आईची टकळी सुरू आहे, आधीच तू काडी, त्यात रक्त दिलंस तर अंथरूण धरशील वगैरे. मला माहितीये ती घाबरून बोलतेय पण आता मलाही शंका यायला लागल्यात. एक तर त्या दिवशी माझा उपास असतो आणि तो मला मोडायचा नाहीये. पाळीपण त्याच सुमाराला येईल असं वाटतंय. मागे तब्येतीसाठी रिपोर्ट काढला होता त्यात एचबी म्हणजे हिमोग्लोबिन १२.२ होतं, शेजारी नॉर्मल लिहिलेलं, म्हणजे चालेल ना? आणि सुई खरंच जाड असते का हो? मावसभाऊ म्हणतो आपण फुकट देतो आणि हे लोक विकतात, तेवढंही कुणीतरी सांगा.

लाल_थेंब:
मी रक्तपेढीत टेक्निशियन आहे, तुझ्यासारख्या मुली प्रत्येक शिबिरात येतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. वजनाचं टेन्शन नको, ४५ च्या वर असलं की ३५० मिली घेतात, ५५ च्या वर असेल तरच ४५० ची पिशवी लावता येते. तुझ्या वजनाला अंगात तीन-सव्वातीन लिटर तरी रक्त असतं, त्यातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून निघतं, तांबड्या पेशी भरायला मात्र काही आठवडे जातात, म्हणून तर बायकांना १२० दिवस आणि पुरुषांना ९० दिवस थांबायला सांगतात.

खरी अडचण तुझ्या एचबीची आहे. लॅबच्या रिपोर्टवर बायकांना १२ च्या पुढे नॉर्मल लिहितात, पण रक्तदानाला १२.५ लागतं, बाई असो की पुरुष. आम्ही बोटाला टोचून थेंब घेतो, काही ठिकाणी तो निळ्या मोरचुदाच्या पाण्यात सोडतात, बुडाला तर ठीक, तरंगत राहिला तर घरी जा. पाळी चालू असेल तरी त्या दिवसांत घेत नाहीत, त्यात वाद घालू नकोस.

उपासाचं म्हणशील तर निरंकार असेल तर नकोच. पण साबुदाण्याची खिचडी, ताक, केळं असं पोटभर खाऊन दोन-तीन तासांत आलीस तर आमच्या लेखी तू जेवलेलीच. पाणी भरपूर पी. सुई सलाईनपेक्षा जाड असते हे खरंय, उगाच खोटं कशाला सांगू, पण टोचताना जे काय होतं तेवढंच, मग पाच-दहा मिनिटं हातात बॉल दाबत पडून राहायचं. झाल्यावर लगेच टुणकन उठू नकोस, चक्कर येणारे बहुतेक बिस्किटाच्या टेबलापर्यंत घाईने चालत जाणारेच असतात.

खान्देशी_मिरची:
+१ एचबीला. माझ्या रूममेटला असंच परत पाठवलं आणि ती रडकुंडीला आली, बाकीच्या मुली हातावर पट्टी लावून सेल्फी काढतायत आणि ही नुसती बसलीये. अगं त्यात रडण्यासारखं काय आहे! आपल्याकडच्या निम्म्या मुली त्यात अडकत असतील. तिने अळिवाचे लाडू, गूळ-शेंगदाणे सुरू केले, जेवणावर लगेच चहा ढोसायची तो बंद केला कारण चहाने लोह अंगी लागत नाही, डॉक्टरने गोळ्याही दिल्या, मग पुढच्या वेळी घेतलं तिचं. फॉर्मवर मात्र खरं लिही हां. टॅटू काढून वर्ष झालं नसेल, कावीळ झाली असेल, काहीही असो, लपवू नकोस.

वडाखालचा_कट्टा:
विकण्याबद्दल मी लिहितो, आमच्या मंडळाची शिबिरं मी बघतो. पोरी, पैसे घेऊन रक्त देण्याला १९९८ पासून देशात बंदी आहे. पेशंटकडून घेतात तो प्रोसेसिंगचा खर्च. एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, गुप्तरोग, मलेरिया एवढ्या तपासण्या प्रत्येक पिशवीच्या होतात, पिशवी, साठवण वेगळीच. त्याला सरकारने २०२२ साली मर्यादा घातली, सरकारी पेढीत ११०० आणि खाजगीत १५५०. थॅलेसेमियाच्या, म्हणजे ज्यांना जन्मापासून सारखं रक्त चढवावं लागतं त्या पोरांना फुकट द्यायचा नियम आहे. कुठे जास्त उकळतात हे नाकारत नाही, तिथे पावती मागून तक्रार करावी.

माझी चीड वेगळीच आहे. नेत्याचा वाढदिवस आला की एका दिवसात शेकड्याने पिशव्या, वर हेल्मेट नाहीतर पाण्याचा जार भेट. पिशवीत तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, तर ५ दिवस. मग मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत त्याच गावात नातेवाईक पिशवीसाठी वणवण फिरतात, तेव्हा बॅनरवाले कुठे असतात? आत्ता डेंग्यूचे दिवस आहेत, प्लेटलेट लागतातच, तेव्हा तुझं सोमवारी नाही जमलं तरी पंधरा दिवसांनी सरळ रक्तपेढीत जा. शिबिरातच द्यायला पाहिजे असं काही नाही.

मोगरा_१९:
थँक्यू सगळ्यांना 🙏 पाळी आजच सुरू झाली त्यामुळे सोमवारी डेस्कवर नावनोंदणीला बसणार, एचबी परत तपासून मग पेढीत जाईन. आईला हे सगळं वाचून दाखवलं, अजून कुरकुर चालूच आहे. पण बाबा म्हणतायत मी येतो तुझ्याबरोबर, त्यांना बीपीची गोळी चालू आहे, वय ४९. चालतं का?

लाल_थेंब:
गोळीवर बीपी १४०/९० च्या आत असेल आणि गेल्या २८ दिवसांत डोस बदललेला नसेल तर डॉक्टर घेतात. गोळी त्या दिवशी चुकवू नका म्हणावं, आणि चिठ्ठी सोबत आणा.